दोनशे चौदाचा फोन

“पुरुष वॉर्ड. अकरा नंबर. या.”

एवढं बोलून फोन बंद झाला. दुपारचे पावणेतीन वाजले होते. कँटीनमध्ये डबा उघडून मी नुकताच पहिला घास घेतला होता. आवाज बाईचा होता, खालच्या पट्टीतला, जराही घाई नसलेला. मला वाटलं शबाना असेल. शबाना मुजावर म्हणजे पुरुष वॉर्डची स्टाफ नर्स. डब्याला झाकण लावलं, बॅग खांद्याला अडकवली आणि जिना चढून वर गेले.

शबाना टेबलाशी बसून औषधांचं रजिस्टर लिहीत होती. मला बघून तिनं पेन खाली ठेवलं.

“काय झालं साळवे सिस्टर?”

“तू फोन केलास ना? अकरा नंबर.”

“मी कुठं केला? अकरा नंबर झोपलाय. हर्नियावाला. उद्या घरी जायचाय.”

अकरा नंबरवर पन्नाशीचे एक एसटी कंडक्टर होते. बायको चहाला खाली गेलेली. अंगाखाली धुतलेली चादर होती, नुकतीच घातलेली, घडीच्या रेषाही मोडल्या नव्हत्या. तोंड भिंतीकडे करून ते शांत पडले होते. लांबून कुणीही म्हणालं असतं, झोप लागलीय. मी घड्याळ समोर धरून श्वास मोजले. एका मिनिटात चौतीस. झोपलेला माणूस असा श्वास घेत नाही. ब्लडप्रेशर घेतलं, तर वरचा आकडा अठ्ठ्याहत्तर. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यामागे कुणीतरी उभं असावं तसं ते बघत राहिले.

अर्ध्या तासात आम्ही त्यांना आयसीयूत हलवलं. पोटात पू झाला होता. आणखी दोन तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं सर्जन म्हणाले.

खाली येताना मी शबानाला पुन्हा विचारलं.

“आईशप्पथ सिस्टर,” ती म्हणाली, “वॉर्डातून कुणीच फोन केला नाही. मला तर काही कळलंच नव्हतं.”

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये तेव्हा रॅपिड रिस्पॉन्सची सोय नवीनच सुरू झाली होती. माणूस कोसळल्यावर धावणारे सगळीकडे असतात. आमचं काम कोसळण्याआधी पोचायचं. कुठल्याही वॉर्डात पेशंटचं काही बिनसलंय असं वाटलं की तिथल्या सिस्टरनं आमच्या नंबरवर फोन करायचा, आणि आम्ही असू तिथून निघायचं. कमरेला इंटरकॉमचा बिनतारी फोन, खांद्याला बॅग. पाळीपाळीनं तिघं होतो. सकाळी दहा ते सहा मी, बाकीच्या वेळेला प्रभुदास ब्रदर आणि एक केरळची सिस्टर. मी हे काम मागून घेतलं होतं. का मागितलं असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी काहीतरी पुस्तकातलं उत्तर दिलं होतं.

दुसरा फोन आठवड्यानं आला. तोच आवाज. “बायकांचा वॉर्ड. चार नंबर. या.” या वेळी पळता पळता मी फोनच्या छोट्या खिडकीत बघितलं. आकडा होता दोनशे चौदा.

माझा पाय जिन्यावरच थबकला, पण क्षणभरच. चार नंबरवर मधुमेहाची एक म्हातारी होती. साखर अडतीसवर आलेली, जबडा आवळलेला. सलाईनमधून साखर दिली तशी दहा मिनिटांनी उठून बसली आणि मला म्हणाली, “तू कोण गं?” तिच्याही अंगाखाली कोरी चादर होती. वॉर्डातून कुणीही फोन केला नव्हता.

दोनशे चौदा हा जुन्या इमारतीतल्या बालरोग वॉर्डचा नंबर. नवी इमारत झाल्यापासून तो वॉर्ड बंद होता. नोकरीची पहिली दीड वर्षं मी तिथंच काढलेली. तो फोन माझ्याच टेबलावर असायचा, काळा, जड, गोल तबकडीचा. वॉर्ड बंद झाल्यापासून मी त्या बाजूला गेले नव्हते. मुद्दामच.

ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, “लाइन कधी तोडलीच नाही सिस्टर. पण तिथं आहे कोण बोलायला?”

तिसऱ्या फोनला मी पोचले तेव्हा उशीर झालेला होता. पुरुष वॉर्ड, सतरा नंबर. चाळिशीतला माणूस, दोन लहान पोरांचा बाप. हार्टचा झटका आतल्या आत सुरू होता आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पाऊण तास आम्ही झटलो. चौथ्या फोनलाही माणूस गेला. तो कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला पेशंट होता, कधीही जाणारच होता. पण लोकांना एवढं कुठं कळतं? हॉस्पिटलभर झालं की दोनशे चौदाचा फोन आला म्हणजे कुणीतरी जाणार.

प्रभुदास ब्रदरनं मला एकदा पाळी बदलताना थांबवलं. देवभीरू माणूस, चर्चमध्ये पेटी वाजवायचा.

“सुवार्ता, एक विचारू? तो फोन माझ्या ड्युटीला एकदाही आलेला नाही. केरळच्या सिस्टरच्याही नाही. तुझ्याच वेळेला का येतो?”

“मला काय माहीत, ब्रदर.”

“प्रार्थना करतेस ना?”

“करते,” मी म्हणाले. ते खोटं होतं.

वॉर्डातलं माझं जाणंयेणंच बदललं. मी दारात दिसले की नातेवाईक पेशंटच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत. एका आजीनं माझ्यादेखत नातवाच्या कपाळाला अंगारा लावला. शबाना माझ्याशी नेहमीसारखी हसतखेळत बोलायची, पण एक दिवस चहा पिताना म्हणाली, “राग मानू नका सिस्टर. तुमचा फोन वाजला की आम्ही एकमेकींकडे बघतो. परवा सतरा नंबरच्या बायकोनं मला विचारलं, ती सिस्टर आधीच कशी आली? तिला कुणी सांगितलं?”

ते मलाही विचारायचं होतं.

शुक्रवार होता. दुपारचे अडीच. ऊन असं होतं की जुन्या इमारतीकडं जाणाऱ्या वाटेवर कुत्रंही नव्हतं. मी स्वतःशी म्हटलं, भर दुपारी कसली भीती. जिना चढले. दुसऱ्या मजल्यावरचा लांब व्हरांडा तसाच होता. भिंतीवर कुणीतरी रंगवलेले ससे आणि हत्ती, त्यांचे रंग उडून नुसते डोळे राहिलेले. वॉर्डच्या दाराला कुलूप होतं. कुलपावर गंज आणि कडीत कोळ्याचं जाळं. त्या दारातून कित्येक महिन्यांत कुणी आतबाहेर केलं नव्हतं, हे उघड होतं.

मी कमरेचा फोन काढला आणि दोनशे चौदा लावला.

दारापलीकडे घंटी वाजू लागली. तीच जुनी घंटी, कर्कश, मध्येच अडखळणारी. एकदा वाजली. दोनदा वाजली. मग कुणीतरी फोन उचलला.

कानाशी श्वास ऐकू येत होता, आणि तोच श्वास, मला वाटलं, लाकडी दाराच्या फटीतूनही येतोय. मी काही बोलायच्या आत तो आवाज म्हणाला,

“पुढचं दार उघडत नाही सिस्टर. मागून या, रॅम्पकडून.”

मी परत फिरायला हवं होतं. वॉचमनला घेऊन यायला हवं होतं. पण पाय आपोआप रॅम्पकडे वळले. मागचं दार सताड उघडं होतं. आत पूर्वी पलंग होते, तिथं आता चादरींचे गठ्ठे रचलेले, छतापर्यंत. पांढरे, हिरवे, निळे. खिडक्यांतून ऊन येत होतं आणि धुलाईच्या सोड्याचा वास भरला होता. गठ्ठ्यांच्या मधून एक बोळ ठेवलेली. तिच्या टोकाला भिंतीशी स्टुलावर एक बाई बसली होती. पन्नाशीची असावी, पण केस सगळे पांढरे. अंगावर धुलाईवाल्यांचा हिरवा झगा. मांडीवर घडी घातलेली चादर आणि शेजारी तो काळा फोन.

मी तिला रोज बघत होते. चादरीची ढकलगाडी घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरणारी बाई. पाच महिने तरी ती माझ्या डोळ्यांसमोरून जात होती आणि तिचा चेहरा मी एकदाही बघितला नव्हता.

“तुम्ही फोन करता?” मी विचारलं.

“मी करते.”

“तुम्हाला कसं कळतं?”

तिनं मांडीवरची चादर माझ्यापुढे धरली. “हात लावून बघा.”

चादर ओली होती. गार, चिकट ओली.

“तापाचा घाम गरम असतो,” ती म्हणाली. “उकाड्याचा घाम पाठीला असतो. हा असला घाम मानेपासून पायापर्यंत येतो, आणि तो गारच असतो. चादर बदलताना माणसाला या कुशीवरून त्या कुशीवर करावं लागतं. हाताला कळतं. कुणी अंग सोडलंय, कुणी नुसतं झोपलंय. मी सिस्टरांना सांगते. काही ऐकतात. काही म्हणतात, मावशी, तुम्ही तुमचं काम करा.”

मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटायचं बाकी होतं. भूत नाही, काही नाही, एक शहाणी बाई. मी म्हणाले, “मग लपून कशाला करता? आणि नाव का सांगत नाही? लोक काय काय बोलतायत, माहीत आहे का? आणि माझ्याच ड्युटीला का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर रागाची नव्हती. एखादी वस्तू कुठं ठेवली होती ते आठवावं, तशी होती.

तेव्हा माझं लक्ष तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेलं. पलंग गेले होते, पण भिंतीवरचे आकडे कुणी पुसले नव्हते. तिच्या डोक्यावर निळ्या रंगात सहा लिहिलेलं होतं.

मी मागं सरले. पाठीला गठ्ठा लागला.

“सन्मतीची आई,” मी म्हणाले.

“पद्मा,” ती म्हणाली. “पद्मा मगदूम. त्या वेळी तुम्ही मला नाव विचारलं नव्हतं.”

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. त्या दुपारच्या अकरा वर्षं आधी, मी तेवीस वर्षांची असताना, डेंग्यूच्या साथीत हा वॉर्ड पोरांनी भरला होता. पलंग बावीस, पोरं छत्तीस, आणि दुपारच्या पाळीला मी एकटी. सहा नंबरवर नऊ वर्षांची सन्मती होती. पाचव्या दिवशी तिचा ताप उतरला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. तिची आई टेबलाशी आली आणि म्हणाली, सिस्टर, पोरीचे हातपाय गार लागतायत, ती बोलत नाही. मी म्हणाले, ताप उतरला ना, म्हणून गार. थकून झोपलीय, झोपू दे. ती परत परत आली. मी दर वेळी तेच सांगितलं. मी पलंगाशी गेले नाही. टेबलापासून सहा नंबर नऊ पावलांवर होता.

चार वाजता पोर गेलं.

मोठ्या सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. “रडू नकोस. नोकरी घालवशील आणि हॉस्पिटलवर आणशील. केसपेपरवर लिही. आई उशाशी झोपलेली होती, तिनं काही कळवलं नाही.” मी तसं लिहिलं. खाली सही केली. चौकशी झाली तेव्हा तोच कागद पुढे आला आणि विषय मिटला.

“तो कागद माझ्या मालकांना वाचून दाखवला,” पद्माबाई म्हणाल्या. “मी म्हणत होते, मी झोपले नव्हते. कागदावर होतं, झोपली होती. सासू म्हणाली, पोरगी मरत होती आणि हिला झोप लागली. वर्षभर तशीच राहिले त्या घरात. मग भावाकडे आले. भाऊ होता तोवर बरं चाललं. आता वहिनी म्हणाली, कुठं तरी कामाचं बघा. कंत्राटदारानं आणलं ते इथंच. चादरी ठेवायला जागा दिली ती हीच. मी मागितली नव्हती.”

बाहेर कुठंतरी टाकी भरून वाहत होती.

“पहिल्या दिवशीच तुम्हाला ओळखलं,” त्या म्हणाल्या. “बॅग घेऊन पळत होता. मी विचारलं, ही सिस्टर काय करते? कुणीतरी म्हणालं, बोलावलं की येते. मग मी ठरवलं. दुसऱ्यांच्या वेळेला वॉर्डात सांगायचं. तुमच्या वेळेला फोनच लावायचा. मला बघायचं होतं.”

“काय?”

“येताय का.”

मी विचारलं, “आणि आले नसते तर?”

ती ओली चादर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, “ही आत्ताची आहे. बाळंतिणींचा वॉर्ड, तीन नंबर. काल सीझर झालंय. फोन लावणारच होते, तेवढ्यात तुमचा आला.”

मी पळत सुटले.

बाळंतिणींच्या वॉर्डात डॉ. हर्षदा कुंभोजकर होत्या. हुशार, तरुण, दोन दिवस न झोपलेल्या. तीन नंबरवर एक वीसेक वर्षांची मुलगी बाळाला कुशीत घेऊन पडली होती. माझ्याकडे बघून ती हसली.

“बरी आहे ती,” डॉक्टर म्हणाल्या. “बीपी एकशे दहा. ब्लीडिंग नाही. पोट दुखतंय म्हणते, ते टाके आहेत, दुखणारच. तुम्हाला कुणी बोलावलं?”

मी नाडी धरली. एकशे सव्वीस. हाताचा तळवा कोरडा, पण कोपराच्या आत गार ओल होती.

“मॅडम, सोनोग्राफी करू या.”

“सिस्टर, मशीनवर रांग आहे. आकडे सगळे बरे आहेत. कशाच्या जिवावर सांगू त्यांना?”

“आकडे शेवटपर्यंत बरेच राहतात, मॅडम. तरुण पोरीचं शरीर तग धरतं आणि मग एकदम सोडतं. चादर सगळी भिजलीय. मी सही करते. काही निघालं नाही तर माझ्यावर तक्रार करा.”

“चादर कुणी बघितली?”

“चादर बदलणाऱ्या बाईंनी.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्याही कानावर दोनशे चौदाची गोष्ट आली असणार. मग त्या मशीनवाल्याला फोन करायला वळल्या. पोटात दीड लिटर रक्त होतं. बाहेर थेंबही आलेला नव्हता. मुलीला थिएटरात नेईपर्यंत बीपी साठवर आलं, आणि तिनं माझं मनगट धरून विचारलं, “बाळाला कुणी घेतलंय ना?” मी घेतलं होतं. संध्याकाळी पाचला सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, वाचली.

आमच्या प्रत्येक कॉलचा एक फॉर्म असतो. त्यात एक रकाना असतो, कॉल कुणी केला. आधीच्या चार फॉर्मांत मी तो रिकामा सोडला होता. त्या दिवशी मी पाचही फॉर्म काढले आणि पाचही ठिकाणी नाव लिहिलं: पद्मा आदगोंडा मगदूम, चादर विभाग. मग एक कोरा कागद घेतला आणि अकरा वर्षांपूर्वीचं जे होतं ते लिहून काढलं.

अधीक्षक डॉ. आरवाडे यांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढून डोळे चोळले.

“सिस्टर, मोठ्या सिस्टर आता हयात नाहीत. जुने केसपेपर केव्हाच जाळले. तुम्हाला कुणीही विचारत नाहीये. कशाला?”

“एक जण विचारतंय, सर.”

त्याचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. चौकशी बसली. मला आठ महिने रॅपिड रिस्पॉन्समधून काढून ओपीडीत केसपेपर लावायला बसवलं. नर्सिंग कौन्सिलची लेखी ताकीद आली, ती अजून माझ्या फायलीत आहे. शबाना दोन महिने माझ्याशी बोलली नाही, मग एका दुपारी गुपचूप डबा घेऊन शेजारी येऊन बसली. ओपीडीत होते तोवर दोनशे चौदाचे फोन प्रभुदास ब्रदरला जायला लागले. पहिला फोन घेतल्यावर तो माझ्याकडे येऊन नुसता उभा राहिला होता.

पण मुख्य सांगायचंय ते त्याच आठवड्यातल्या रविवारचं.

मी त्या कागदाची सही केलेली प्रत घेतली आणि पद्माबाईंना म्हणाले, “तुमच्या घरी जाऊ या.”

“माझं घर कुठंय?”

“करंजवाडीला. सन्मतीच्या केसपेपरवर होतं.”

त्यांनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली. मग म्हणाल्या, “दुपारची गाडी आहे.”

प्रवास दीड तासाचा होता. मी माफी मागायचं ठरवून आले होते. उसाच्या फडांमधून गाडी चालली असताना तोंड उघडलंही. त्यांनी खिडकीतून नजर न काढता मान हलवली, नको अशी. माफी मागून मी मोकळी होणार होते. त्यांना त्यात काय होतं?

करंजवाडीत देवळामागं घर होतं. सोप्यात आदगोंडा मगदूम खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. दारात पद्माबाईंना बघून ते उठून उभे राहिले आणि पेपर तसाच हातात राहिला. आतून त्यांची दुसरी बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, कोण ते तिला कळलं असावं, तांब्या खाली ठेवून ती आत निघून गेली. भिंतीशी घोंगड्यावर सासूबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नजर गेलेली, कान मात्र शाबूत.

“कोण आलंय रे?”

पद्माबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. मी आत गेले. कोण, कुठली, ते सांगितलं आणि कागद आदगोंडांच्या हातात दिला.

त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आईला ऐकू जावं म्हणून असेल, किंवा सवयीनं. माझं अक्षर त्यांना नीट लागत नव्हतं. अडखळत वाचत होते. ‘मुलीची आई झोपलेली नव्हती’ या ओळीशी ते थांबले. पुन्हा तीच ओळ वाचली. मग पुढं सरकले. शेवटपर्यंत वाचून त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. उंबऱ्याकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती.

म्हातारीचे हात घोंगड्यावर काहीतरी चाचपत होते.

“म्हणजे बोलावलं होतं हिनं,” ती म्हणाली.

“हो आजी.”

“किती वेळा?”

“चार वेळा,” मी म्हणाले. “मी मोजलं आहे. अकरा वर्षं मोजते आहे. चार.”

मग माझ्या पाठीमागून, उंबऱ्याबाहेरून, तो खालच्या पट्टीतला, घाई नसलेला आवाज आला.

“पाच,” पद्माबाई म्हणाल्या. “एकदा तुम्ही मान वर केली नव्हती.”